काय झालं?

दुकानाचं पान करायचं ठरलं
तेव्हा भरमूकाकानं एकच विचारलं,
"त्यात फोन वाजतो काय गा?"

पिरनवाडीच्या अलीकडं, बंद पडलेल्या काट्यासमोर
आमचं मोटर रिवाइंडिंग.
आत वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची भेंडोळी,
भिंतीवर खडूनं लिहिलेले नंबर.
नाव एकालाही नाही.
साडेसात एचपी, हलशी.
तीनची, सारखी जळणारी.
बाई, विहीर खोल.

मी वरच्या खोलीत बसून चौकटी आखल्या:
नाव, आडनाव, ईमेल, विषय, संदेश.
प्रत्येकीशेजारी लाल चांदणी,
म्हणजे भरल्याशिवाय पुढं सोडत नाही.
काकानं चष्मा कपाळावर चढवला.
"माणूस शेतात उभा आहे. हाताला चिखल.
दोन तास लाइट आलीय, तेवढ्यात मोटर बसली.
त्याला तू आडनाव विचारतीस?"

आडनाव पुसलं.
ईमेल पुसला, तो काकालाही नव्हता.
विषय पुसताना मात्र दुखलं,
त्याची खाली उघडणारी यादी
मी रात्र जागून केली होती.

पत्त्यात आठवडा गेला.
या गावाचं नाव कसं लिहायचं
यावरून आमचे आजोबा सात दिवस आत बसून आले होते.
मी शेवटचं अक्षर लिहायची, पुसायची, परत लिहायची.
काका म्हणाला, "काट्यासमोर, असं लिही.
काट्याला दोन्हीकडची माणसं काटाच म्हणतात."

नकाशावरची टाचणी खरं ऐकेना.
जाऊन पडायची मागच्या वीटभट्टीत.
दोन गिऱ्हाइकं मोटर घेऊन तिथंच पोचली.
तिसऱ्याला भट्टीवाल्या शिवलिंगनं चहा पाजला
आणि फोन केला,
"तुमची टाचणी तेवढी उचला की री."

राहिलं होतं वरचं बटण.
मराठी आधी की कन्नड आधी, विचारायला खाली आले
तर फोन वाजत होता.
बैलहोंगलकडचा आवाज, मागं म्हैस.
काकानं ना नमस्कार केला, ना दुकानाचं नाव सांगितलं.
"एनात्री?"
आणि मग नुसता ऐकत राहिला, बराच वेळ,
बोटाला तार गुंडाळत, सोडत.
तो ठेवतोय तोवर दुसरा, चंदगडचा.
"काय झालं?"
तोच सूर.
डॉक्टरचा नव्हे, पोलिसाचा तर नव्हेच.
पोरगं पडून रडत आलं की
दारातूनच विचारतात, तसा.

मी वर गेले आणि सगळं मोडलं.

आता पानावर एकच चौकट आहे,
तिच्यावर हाच प्रश्न, दोन्ही लिप्यांत, शेजारी शेजारी.
नंबर एवढा मोठा की उन्हात, चष्म्याविना वाचावा.
खाली काकानं सांगितलेलं, शब्दाला शब्द:
रात्री नऊपर्यंत उचलतो. अमावास्येला बंद.
उचलला नाही तर हात वाइंडिंगात आहे. मीच लावीन.
"लवकरच संपर्क साधू" असं मी घातलं होतं.
"कोण साधू?" म्हणाला,
आणि स्वतःच्या विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला.

पहिला निरोप चौथ्या दिवशी आला, कोगनोळीहून.
काही नाही. मोटर चालू आहे.
हे लागतं काय तेवढं बघितलं.

मी म्हटलं, हा मोजायचा नाही.
काकानं हात पुसले, नंबर लावला.
"काही नाही म्हणजे? काय झालं?"

अर्धा तास बोलत होता.
पावट्याचा दर, कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन,
मधेच कन्नडात एक शिवी, मग परत मराठी.
ठेवल्यावर खडू शोधला,
भिंतीवर जागा बघितली,
आणि नंबराखाली लिहिलं:
काही नाही, कोगनोळी.